तबकडी गोल, अक्षरं अर्धी

गोल स्मार्टवॉच हेच खरं घड्याळ, चौकोनी म्हणजे मनगटाला बांधलेला मोबाइल, असं सांगत आमच्या रायपुरात एक गृहस्थ फिरत असतात. तात्यापारा असो की चौबे कॉलनी, चार मराठी माणसं जमली की त्यांचं मनगट पुढे येतं. नाव सांगण्याची गरज नाही. ज्यांनी ऐकलं आहे ते ओळखतील. त्यांची बाजू अशी: घड्याळ शतकानुशतकं गोल आहे, म्हणून स्मार्टवॉचही गोलच हवं. ते लग्नकार्यात शोभतं. नाडी, झोप, ऑक्सिजन सगळं सांगतं, तेव्हा ऊठसूट डॉक्टरकडे जायला नको. आणि एचएमटी वापरत जे मोठे झाले त्यांनी तरी हातावर चौकोनी पाटी बांधू नये, तो परंपरेचा अपमान आहे. हे शेवटचं वाक्य ऐकून गप्प बसणं मला जमलं नाही. निवृत्तीच्या पैशातून तीस-चाळीस हजार काढून असं घड्याळ घ्यायला निघालेली माणसं माझ्या ओळखीची आहेत.

परंपरेपासूनच सुरुवात करू. घड्याळ गोल झालं ते काट्यामुळे. मधोमध खिळलेला काटा फिरला की त्याचं टोक वर्तुळ काढतं. बारा आकडे त्या वर्तुळावर मांडणं हा सर्वांत सरळ मार्ग होता. तरीही घड्याळ बनवणाऱ्यांनी गोल आकाराची शपथ कधीच घेतली नव्हती. कार्तिएने सांतोस-द्युमाँ या वैमानिकासाठी १९०४ मध्ये केलेलं मनगटी घड्याळ चौकोनी होतं. त्यांचंच १९१७ चं ‘टँक’ आयताकृती. दुसऱ्या एका कंपनीचं १९३१ चं ‘रिव्हर्सो’ तर हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या तक्रारीतून निघालं. खेळताना घड्याळाची काच फुटायची, म्हणून तबकडी उलटवून धातूची पाठ बाहेर आणता येईल असं आयताकृती घड्याळ घडवलं गेलं. म्हणजे ज्या चौकोनी आकाराला हे गृहस्थ कालचं पोर म्हणतात, त्याचं वय शंभरच्या पुढे आहे आणि त्याच्या जन्मकथेत आपल्याच देशातली मैदानं आहेत. चावी द्यायच्या या घड्याळांना आजवर कोणी मोबाइल म्हटलेलं नाही.

पण माझा मुख्य आक्षेप इतिहासाचा नाही. तो अक्षरांचा आहे, आणि त्यावर मी सविस्तर बोलणार आहे.

स्मार्टवॉचमध्ये काटा नसतो, काट्याचं चित्र असतं. जो पडदा काटा दाखवतो तोच मेसेज दाखवतो, औषधाची आठवण दाखवतो, फोन करणाऱ्याचं नाव दाखवतो. साध्या घड्याळावर हा पैसा खर्च न करता आपण स्मार्टवॉच घेतो ते या दुसऱ्या कामासाठी. आणि वाचायचा मजकूर ओळींनी चालतो. ओळी सारख्या लांबीच्या असल्या तर डोळ्याला वाचता येतात, म्हणून पान आयताकृती असतं, पोथी आयताकृती असते, शाळेची पाटीही आयताकृती असते. गोल पडद्यात मधली ओळ लांब, वरची आणि खालची आखूड. कंपन्या मग दोनच गोष्टी करू शकतात: मजकूर मधल्या चौकोनात कोंडायचा आणि कडेची जागा वाया घालवायची, किंवा मजकूर कडेपर्यंत जाऊ द्यायचा आणि त्याचे कोपरे कापायचे.

हिशेब करून पाहा. बाजारात सर्रास मिळणारा गोल अमोलेड पडदा १.४३ इंचांचा, ४६६ बाय ४६६ ठिपक्यांचा असतो. त्या वर्तुळात मावणारा सर्वांत मोठा चौकोन काढला तर त्याची बाजू साधारण ३२९ ठिपक्यांची, म्हणजे २६ मिलिमीटरच्या आत येते. क्षेत्रफळ सुमारे ६६० चौरस मिलिमीटर. आता शेजारच्या काउंटरवरचा १.७८ इंची आयताकृती पडदा घ्या, ३६८ बाय ४४८ ठिपक्यांचा. तो साधारण २९ बाय ३५ मिलिमीटरचा भरतो, क्षेत्रफळ हजार चौरस मिलिमीटरच्या आसपास. कोपऱ्यांचा गोलावा वजा केला तरी मजकुराला मिळणारी जागा जवळजवळ दीडपट. मनगटावर दोघांचा भार सारखाच जाणवतो.

रोमन लिपीला ही कात्री कमी लागते. आपल्याला जास्त लागते, आणि नेमकी हीच गोष्ट हे गृहस्थ एकदाही बोललेले नाहीत. देवनागरी ओळीला उंची जास्त हवी. शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, पाय मोडलेली अक्षरं आणि एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं. अक्षर वाचण्याजोगं ठेवायचं तर ओळींमध्ये अंतर सोडावंच लागतं. त्यामुळे ज्या जागेत इंग्रजीच्या सहा ओळी बसतात तिथे मराठीच्या चार बसल्या तरी पुष्कळ झाल्या. या चारांतली पहिली आणि शेवटची वर्तुळाच्या निमुळत्या भागात येते. ‘आईला तपासणीसाठी नेलं आहे, संध्याकाळी फोन करतो’ असा निरोप आला, तर वरच्या ओळीत ‘आईला’ एवढंच दिसतं आणि पुढचं कळायला बोटाने पडदा सरकवावा लागतो. साठी ओलांडलेला माणूस, ज्याला चष्म्याशिवाय ठिपका दिसत नाही, त्याला आपण हे घड्याळ ‘वयाला शोभतं’ म्हणून घ्यायला सांगतो आहोत.

स्वस्त गोल घड्याळांत तर यापुढची दुर्दशा आहे. काहींत देवनागरीच्या जागी नुसत्या चौकटी उमटतात. काहींत अक्षरं येतात, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर लागते, जोडाक्षर फुटून हलन्त दिसतो, ‘दुसऱ्या’मधला र तर ओळखूच येत नाही. दोष घड्याळातल्या सॉफ्टवेअरचा, आणि तो चौकोनी घड्याळातही सापडतो हे मान्य. पण आधीच तुटलेलं अक्षर वर्तुळाच्या कडेने आणखी कापलं गेलं की उरतं काय?

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं: ‘मग मराठी मेसेज रोमनमध्ये मागवा.’ हा वाद आमच्याकडे जुना आहे. मोबाइल आले तेव्हाही असंच म्हणत होते, की आता मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावं, सोय बघावी. रायपूरची मराठी मुलं शाळेत हिंदी शिकतात, देवनागरी त्यांच्या हाताला बसलेली असते. परप्रांतात वाढूनही ती आजीचं पत्र वाचू शकतात ते केवळ लिपी एक आहे म्हणून. नागपूर-पुण्याच्या मुलांना कदाचित त्याची किंमत कळणार नाही, इथल्या घरांना कळते. त्या वेळी फोनमध्ये मराठी टंकलेखनाची सोय नव्हती म्हणून लोकांनी नाइलाजाने रोमन स्वीकारली. पुढे सोय आली, पण सवय राहिली. आता एका दागिन्याच्या आकारापायी तीच चूक पुन्हा करायची, आणि करताना परंपरेचं नाव घ्यायचं, याचा मला मनापासून राग येतो.

गोल पडदा बनवणाऱ्यांनाही त्याची अडचण पहिल्या दिवसापासून माहीत होती. २०१४ मध्ये मोटोरोलाने ‘मोटो ३६०’ आणलं. देखणं घड्याळ, लोक त्यावर भाळले. पण त्याचा पडदा ३२० बाय २९० ठिपक्यांचा होता, खालचा एक काप सपाट. उजेड ओळखणारा सेन्सर आणि पडदा चालवणाऱ्या जोडण्या बसवायला दुसरी जागा उरली नव्हती. जगभर त्याला हवा गेलेलं चाक म्हणून चिडवलं गेलं. त्याच वर्षी एलजीने पूर्ण गोल पडदा करून दाखवला आणि तो काप गेला. वर्तुळात ओळी बसवण्याचा प्रश्न मात्र कारागिरीने सुटणारा नव्हता, कारण तो भूमितीचा आहे.

बाकीचे मुद्दे लवकर आवरतो.

शोभा: चवेचाळीस-सत्तेचाळीस मिलिमीटरची गोल तबकडी बारीक मनगटावर, विशेषतः बायकांच्या हातावर, बाहेर डोकावते, शोभत नाही.

ऊन: ॲपलने आपल्या घड्याळाच्या वापरासाठी ० ते ३५ अंश तापमान सांगितलं आहे. ते घड्याळ चौकोनी असलं तरी आतला लिथियमचा सेल गोल घड्याळात निराळा नसतो. रायपूरचा मे महिना चाळिशी सहज ओलांडतो.

टिकाऊपणा: एचएमटीशी तुलना करणाऱ्यांनी जरा थांबावं. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये एचएमटीचं घड्याळांचं काम सुरू झालं, आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करण्याला मंजुरी दिली. कारखाना मिटला, घड्याळं चालू आहेत. चावीचं ‘जनता’ आजही कुठलाही जाणता घड्याळजी उघडून, तेल घालून परत देतो. ‘मोटो ३६०’ सप्टेंबर २०१४ मध्ये आलं आणि २०१७ मध्ये त्यातल्या अँड्रॉइड वेअर या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली तेव्हा या पहिल्या मॉडेलला ती मिळाली नाही. तीन वर्षं भरायच्या आत म्हातारपण. या दोन वस्तूंचं नातं फक्त बाह्यरेषेचं आहे.

आणि आरोग्य. इथे मात्र घाई करता येत नाही, कारण चुकीचा सल्ला जिवावर बेततो. घड्याळाच्या पाठीतला हिरवा दिवा कातडीतून रक्ताकडे प्रकाश सोडतो; परतणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारांवरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असला, हात हलत असला, की आकडा घसरतो. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी ही घड्याळं बऱ्यापैकी सांगतात, पण त्यातही तबकडीच्या आकाराचं श्रेय शून्य. साखरेचं तर नावच काढू नये. सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, अशा एकाही उपकरणाला आम्ही मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या औषध नियामकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीरपणे बजावलं. तरी अशी घड्याळं विकली जातात, आणि मधुमेही माणसं त्यावर इन्सुलिनचा हिशेब लावायला निघतात. ‘डॉक्टरकडे जायला नको’ हे वाक्य यापुढे त्या गृहस्थांनी कोणाही वयस्कर माणसासमोर उच्चारू नये, ही माझी विनंती नाही, मागणी आहे. ते पुन्हा पुन्हा सांगतात त्या दहा हजार पावलांचंही तेच. १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीने ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. आकडा जाहिरातीतून आला आणि वैद्यकीय नियम असल्यासारखा चिकटला. तेलीबांधा तळ्याभोवती सकाळी चालणाऱ्यांनी खुशाल चालावं. गुडघा दुखत असताना केवळ घड्याळावरचं पावलांचं वर्तुळ पुरं करण्यासाठी चालू नये.

मग गोल स्मार्टवॉच घेऊच नये का? तसं माझं म्हणणं नाही. ते ज्या कामाचं आहे त्या कामाला घ्यावं.

आपल्या घडी चौकातून जाताना वर बघितलं की वेळ कळते, आकडे वाचावे लागत नाहीत. काट्यांमधला कोन पाहून ‘अजून पाव तास आहे’ हे डोळा आपोआप समजतो. गोल तबकडीचं खरं बळ ते आहे, आणि चौकोनी पडद्यावरचे मोठे आकडे ते देत नाहीत. त्यातही अमोलेडवर काळा ठिपका जवळपास वीज खात नाही. काळी तबकडी, पांढरे काटे आणि एकच लहान खिडकी ठेवली तर पडदा दिवसभर जागा ठेवता येतो.

दुसरं बळ फिरत्या रिंगेचं. सॅमसंगने २०१५ मध्ये ‘गिअर एस२’ला तबकडीभोवती फिरणारी रिंग दिली, २०२३ च्या ‘वॉच६ क्लासिक’लाही ती होती. बोट पडद्यावर येत नाही, त्यामुळे मजकूर झाकला जात नाही, आणि घामाने ओलं बोटसुद्धा चालतं. आमच्या हवेत ही मोठी सोय आहे. गोल आकाराशिवाय अशी रिंग शक्य नाही. इथे वर्तुळाने आपली जागा कमावली आहे. औषधाच्या वेळी मनगट थरथरणं, हरवलेला फोन वाजवणं, पडल्यावर घरच्यांना कळवणं, हेही ज्या मॉडेलांत असतं तिथे उपयोगी पडतं, कारण त्यात वाचायचं फार नसतं.

तेव्हा मालवीय रोडवरच्या दुकानात गेलात तर काचेतली चमक बघून ठरवू नका. नमुन्याचं घड्याळ आपल्या फोनला जोडून मागा आणि घरच्या माणसाला एक मराठी मेसेज पाठवायला सांगा, ज्यात ‘दुसऱ्या’, ‘क्लिनिक’, ‘प्रिस्क्रिप्शन’ आणि ‘वाजता’ हे शब्द असतील. चष्मा न बदलता, पडदा एकदाच सरकवून तो वाचता आला, तर रिंग फिरवून पाहा आणि मग किमतीचं बोला. नाही वाचता आला, तर शेजारचं चौकोनी घड्याळ दाखवायला सांगा.