विसाव्याचा हिशेब कोणाच्या हाती?

मनगटावरचे घड्याळ आता वेळ सांगून थांबत नाही. मनुष्य किती झोपला, झोपेत त्याची नाडी कशी चालली, त्वचेचे तापमान किती होते, याची नोंद ते रात्रभर घेते आणि शरीर कितपत सावरले याचे गुण सकाळी मांडून दाखवते. व्हूप या अमेरिकी कंपनीने २०२३ मध्ये ही नोंद वाचून सल्ला देण्याचे काम ओपनएआयच्या जीपीटी-४ प्रणालीकडे सोपवले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकांपुढे शरीराची ही रोजकीर्द प्रत्येकाने उघडी करावी, असा प्रचार आता जोरात आहे. त्यात गैर ते काय, असे विचारले जाते. माहिती ज्याची त्याची, संमती ज्याची त्याची. सहायक बिचारा ‘आज विश्रांती घ्या’ एवढेच सांगतो!

हा युक्तिवाद सोलापुरात तपासून पाहावा. यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणणाऱ्याची कमाई विणलेल्या मालावर. विड्या वळणाऱ्या स्त्रीची मजुरी हजार विड्यांमागे. आपले शरीर थकले आहे हे कळण्यासाठी या दोघांना यंत्र लागत नाही. त्यांना उणीव आहे ती थकल्यावर थांबण्याच्या अधिकाराची. विसाव्याच्या दिवसाची मजुरी कोण देणार, या एकाच प्रश्नावर सहायकाचे सारे शहाणपण मुके होते.

विश्रांती या देशातील कामगाराला कोणाच्या सल्ल्याने मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्जांवर सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठे १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ती सुटी देण्यापूर्वी कोणाची नाडी तपासली गेली नाही. सर्वांना सारखी मिळाली म्हणूनच ती हक्क ठरली. आज त्या सामुदायिक हक्काच्या जागी व्यक्तिगत गुणांक बसवला जात आहे. उद्या ‘तुझे शरीर पूर्ण सावरले आहे, मग सुटी कशाला?’ असे मालकाने विचारले, तर कामगाराचेच मनगट त्याच्याविरुद्ध साक्ष देईल.

ही भीती काल्पनिक म्हणावी, तर कायदा काय सांगतो? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच्या सातव्या कलमाने नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची वाट मोकळी ठेवली आहे. आरोग्याच्या माहितीला वेगळा, अधिक कडक दर्जा या कायद्याने दिलेला नाही. युरोपीय आयोगाने २०२० मध्ये गूगलला फिटबिट कंपनी घेऊ देताना, आरोग्याच्या नोंदी दहा वर्षे जाहिरातींसाठी वापरू नयेत, अशी अट घातली. परंतु ती अट युरोपातील ग्राहकांपुरती होती. आणि संमती? पोटासाठी दिलेल्या संमतीला संमती म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

शरीरावरच्या पहाऱ्याचा अर्थ सोलापूरला समजावून सांगावा लागू नये. गुन्हेगार जमाती कायद्याखाली याच शहरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी होती. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेली माणसे तेथे हजेरी देत आणि गिरण्यांत राबत. सुधारणेचे नाव, पहाऱ्याची रीत आणि गिरणीला स्वस्त मजूर, असा तो तिहेरी मेळ होता. १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो कायदा देशभर संपला. परंतु त्यानंतर स्वतंत्र भारतात नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर ठावठिकाणा कळवणारी घड्याळे बांधली. चंदीगडमध्ये तसेच झाले तेव्हा कामगार रस्त्यावर उतरले. पहिली घड्याळे गेली ती झाडूवाल्याच्या हातावर, आयुक्तांच्या नव्हे, हा योगायोग मानावा काय? आज ठावठिकाणा मोजला जातो, उद्या थकवा मोजला जाईल.

याचा अर्थ समाजवाद्यांनी यंत्राशी वैर धरावे असा नाही. सोलापूरचा उन्हाळा कुप्रसिद्ध आहे. पत्र्याच्या छपराखाली मागावर उभ्या कामगाराच्या हृदयावर त्या उष्म्याचा किती ताण पडतो, हे मोजले गेलेच पाहिजे. मात्र ती नोंद कामगारांच्या व त्यांच्या संघटनेच्या ताब्यात असेल, तरच ती पंखे, पाणी, कमी तास आणि भरपगारी रजा यांच्या मागणीचा पुरावा होईल. तीच नोंद परक्या कंपनीच्या सहायकामार्फत मालकाच्या वा विमा कंपनीच्या हाती गेली, तर ती कामगाराला निवडून काढण्याची चाळणी होईल. यंत्र तेच, आकडे तेच. मालकी बदलली की न्याय बदलतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या कारखान्यांच्या दारापर्यंत नेल्या पाहिजेत: नोकरी, बढती वा विमा यांसाठी शरीराची नोंद मागण्यास कायद्याने बंदी असावी; सातव्या कलमातील मालकांची पळवाट बुजवावी; नोंद घेणाऱ्याच्याच उपकरणात राहावी व त्याच्या शब्दासरशी पुसली जावी; आणि कामाच्या जागी असे कोणतेही साधन संघटनेच्या लेखी संमतीशिवाय येऊ नये. मालकाने आजवर कामगाराचे जागेपण विकत घेतले. त्याची झोप तरी विक्रीला निघता कामा नये.