देशांतराचें दप्तर आणि यशाचे भाट

स्वीडन देशाच्या दक्षिणेस स्मोलंड नांवाचा खडकाळ प्रांत आहे. तेथील वेक्शो या नगरांत १९६८ सालीं ‘देशांतर करणाऱ्यांचें घर’ उघडण्यांत आलें. तीन वर्षें आधीं, १९६५ सालीं, स्थापन झालेल्या देशांतर-संस्थेचें दप्तर या घरांत आलें. १८५० पासून १९३० पर्यंत सुमारें १३ लाख स्वीडिश माणसें अमेरिकेस गेलीं. त्यांच्या आठवणींचा हा ठेवा आहे.

असा ठेवा दिसला कीं यशाच्या भाटांना स्फुरण चढतें. त्यांची कथा ठरलेली असते. दरिद्री पण निधड्या छातीचा शेतकरी घराबाहेर पडला, त्यानें रान तोडलें, शेत पिकविलें, मुलें शिकविलीं. धन्य तो आणि धन्य त्याची जन्मभूमि! या कथेंत धडधडीत खोटें असें फारसें नाहीं. परंतु तिच्यांत जें गाळलें आहे तेंच महत्त्वाचें आहे. आमचें म्हणणें असें कीं, देशांतराचें दप्तर साक्षीसाठीं असतें, स्तुतीसाठीं नव्हे. आणि ज्या दिवशीं तें स्तुति गाऊं लागेल, त्या दिवशीं तें जपण्याचें प्रयोजन उरणार नाहीं.

प्रथम पत्रांचाच विचार करूं. अमेरिकेहून आलेलीं पत्रें हें अशा संग्रहाचें भूषण मानण्यांत येतें. पण पत्र लिहितो कोण? ज्याच्यापाशीं सांगण्याजोगें कांहीं आहे तो. ज्याची शेती बुडाली, जो रेल्वेच्या कामावर खपतां खपतां मेला, जी मोलकरीण लाजेनें गप्प राहिली, त्यांचीं पत्रें कोठें आहेत? सुखाचें पत्र आलें तर तें गांवभर वाचलें जाई, वृत्तपत्रांतहि छापलें जाई. अशा पत्रांवरूनच इतिहास रचणें म्हणजे लढाईची हकीकत केवळ जिंकलेल्याच्या तोंडून ऐकणें होय.

सुदैवानें या एकांगी साक्षीस उत्तर देणारीं कागदपत्रें त्याच देशांत आहेत. १६८६ च्या चर्चविषयक कायद्यानें गांवच्या नोंदी ठेवण्याचा भार धर्मोपदेशकांवर टाकला होता. घरोघरच्या माणसांच्या धर्मज्ञानाची परीक्षा घेऊन ते वहींत टिपून ठेवीत. कोण कधीं गांव सोडून गेला, हेंहि तेथेंच लिहिलें जाई. गोथेनबर्ग बंदरांतील पोलिसांच्या १८६९ पासूनच्या प्रवासी-याद्या त्यांना जोड देतात. या वह्या कोणाची भाटगिरी करीत नाहींत. जाणाऱ्याला एक ओळ, परत येणाऱ्यालाहि एक ओळ. आणि परतलेले थोडे नव्हते. गेलेल्यांपैकीं सुमारें पंचमांश लोक माघारीं आले. भाटांच्या कथेंत त्यांना कोणती जागा आहे?

दुसरा प्रश्न असा कीं, हे लोक गेले कां? पराक्रमाच्या हौसेनें? १८६७-६८ सालीं पिकें बुडालीं आणि लोकांची अन्नान्नदशा झाली. १७२६ पासून १८५८ पर्यंत घरांत स्वतंत्र प्रार्थनासभा भरविणें गुन्हा होता. भूमिहीनाला कायदेमंडळासाठीं मत देण्याचा अधिकार नव्हता. अखेर सरकारनेंच १९०७ सालीं देशांतराची चौकशी सुरू केली. ती गुस्ताव सुंदबर्ग यांच्या देखरेखीखालीं १९१३ पर्यंत चालली. आमचीं माणसें आम्हांला सोडून कां जातात, असें राज्यकर्त्यांनीं स्वतःस विचारलें! आमच्या मतें त्या राष्ट्राचा मोठेपणा अमेरिकेंतील शेतांत नसून या प्रश्नांत आहे.

तिसरी गोष्ट भाटांना सर्वांत अप्रिय आहे. जें ‘रान’ तोडलें, तें कोणाचें होतें? मिनेसोटाचा दक्षिण भाग डकोटा लोकांचा होता. १८५१ च्या करारांनीं त्यांतील बहुतेक मुलूख अमेरिकन सरकारनें घेतला. १८६२ च्या कायद्यानें वसाहतवाल्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळूं लागली. त्याच वर्षीं डकोटांशीं युद्ध झालें आणि २६ डिसेंबर रोजीं मॅन्काटो येथें ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळीं फांसावर चढविण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं डकोटांना त्या राज्यांतून हांकलून दिलें. विल्हेल्म मोबर्ग या कादंबरीकारानें १९४९ ते १९५९ या काळांत देशांतरावर चार कादंबऱ्या लिहिल्या. शेवटच्या कादंबरींत हें युद्ध त्यानें टाळलें नाहीं. कल्पित कथा लिहिणारा जें लपवीत नाहीं, तें कागद राखणाऱ्यानें लपवावें काय?

कोणी म्हणेल, लोक आपल्या पणजोबाचें नांव शोधावयास येतात. त्यांच्या आनंदांत विरजण कशाला? परंतु नांव सांपडलें म्हणजे पूर्वज सांपडला असें नव्हे. तो उपाशी होता म्हणून गेला, आणि जेथें गेला तेथें दुसरा कोणी बेघर झाला होता, हें समजल्यावरच तो माणूस म्हणून ओळखतां येतो. नातवाला एवढें सत्य सोसणार नाहीं असें मानणें हा त्या नातवाचाच अपमान आहे. तेव्हां दप्तर राखणाऱ्यांनीं परतलेल्याची ओळ आणि हुसकलेल्याची जमीन पाहुण्यांपुढें प्रथम ठेवावी. यशाची कथा त्यांच्या शेजारीं बसेल, त्यांच्या जागीं नव्हे.