उदारमतवाद : इंग्लंडचा आणि फ्रान्सचा

‘उदारमतवाद’ हा शब्द आपल्याकडे असा उच्चारला जातो, की जणू सबंध युरोपने तो एकमुखाने जगाला दिला. वस्तुतः त्याच्या अर्थाबाबत इंग्लंड आणि फ्रान्स या दोन शेजाऱ्यांचेही कधी एकमत झाले नाही.

१६८९ चा हक्कनामा इंग्लंडच्या संसदेने पुढे केला तो ‘प्राचीन हक्क’ म्हणून. आपण काही नवे मागत आहोत, असा तिचा दावाच नव्हता. १७९० मध्ये एडमंड बर्कने फ्रेंच क्रांतीवर कोरडे ओढले तेही याच भूमिकेवरून : स्वातंत्र्य हा पूर्वजांकडून आलेला वारसा आहे, तो कोऱ्या कागदावर लिहून काढता येत नाही.

फ्रान्सने नेमका कोरा कागद घेतला. १७८९ ची घोषणा अखिल मानवजातीच्या नावाने झाली. मात्र व्यक्ती आणि राज्य यांच्यामध्ये जे जे उभे होते, ते ते संशयास्पद ठरले. १७९१ च्या ल शापलिए कायद्याने कारागिरांना एकत्र येण्यासच मनाई केली. कामगार संघटनांना मान्यता मिळाली ती १८८४ मध्ये आणि कोणतीही संस्था मुक्तपणे स्थापन करण्याचा हक्क १९०१ मध्ये. स्वातंत्र्याची द्वाही फिरवल्यानंतर तब्बल ११२ वर्षांनी! केंद्रीकरण हा राजेशाहीचाच वारसा असून क्रांतीने तो पुढे चालविला, हे अलेक्सी द तॉकव्हिल या फ्रेंच विचारवंतानेच १८५६ मध्ये दाखवून दिले.

एका बाबतीत मात्र दोन्ही परंपरांचे सूर जुळले. आगरकरांच्या पिढीने ज्याला गुरुस्थानी मानले, त्या जॉन स्टुअर्ट मिलने १८२३ ते १८५८ अशी ३५ वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत चाकरी केली. १८५९ च्या त्याच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात, हे तत्त्व ‘मागासलेल्या’ समाजांना लागू नाही, असे आरंभीच बजावलेले आहे. त्याचा स्नेही तॉकव्हिल तर अल्जीरियातील उभी पिके जाळणे ही दुर्दैवी पण आवश्यक गोष्ट मानत होता. आगरकरांनी मिलकडून बुद्धिवाद घेतला, त्याचा हा अपवाद घेतला नाही, हे त्यांचे मोठेपण.

दादाभाई नौरोजींनी १८९२ मध्ये लिबरल पक्षातर्फेच ब्रिटिश संसदेत प्रवेश केला. १९०१ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर ग्रंथ प्रसिद्ध करताना त्यांनी तेथील राजवटीला मथळ्यातच विशेषण लावले : ‘अ-ब्रिटिश’.