तहानलेली तुळस

पोलाद कारखान्याच्या नोकरीनिमित्त भिलाईला आलेली मराठी घरे रिसालीत राहिली, तशी क्वार्टरसमोर तुळशीवृंदावनेही आली. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की या तुळशीचे एक पान चुरगळून पाहा. पान बारीक, पण वास पावसाळ्यातल्यापेक्षा उग्र!

याचे कारण तहान. मातीतला ओलावा घटला की झाडात अ‍ॅबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटू लागतात. पाणी वाचते, पण हवेतला कार्बन डायऑक्साइडही कमी मिळतो. वाढ मंदावते. पान लहान राहिल्याने त्यावरच्या तेलाच्या ग्रंथी दाटीवाटीने बसतात आणि वास तीव्र होतो.

म्हणून झाड सुखात आहे असे मात्र समजू नका. एका पानात तेल जास्त असले, तरी पानेच कमी. त्यामुळे अख्ख्या झाडाचा हिशेब बहुधा तोट्याचाच. तहान आणखी ताणली तर पाने गळतात.

शिवाय सगळ्यांची सोसण्याची ताकद सारखी नसते. गवती चहा थोडी ओढ सहन करतो. पानओव्याच्या जाड पानांत पाणी साठलेले असते. कोथिंबीर उन्हात लगेच फुलावर येते. पुदिन्याची मुळे तर अगदी उथळ. चटणी झणझणीत व्हावी म्हणून मी एकदा त्याचे पाणी तोडले; तिसऱ्या दिवशी कुंडीत नुसत्या काड्या! नशीब, मुळे जिवंत होती.

दुपारी मान टाकलेली तुळस पाहून लगेच बादली उचलू नका. संध्याकाळी ती सावरली तर तो उन्हाचा परिणाम. सकाळीही मरगळलेली दिसली, तर माती कोरडी आहे का ते बोट खुपसून पाहा. वृंदावनाचे सिमेंट चारही बाजूंनी तापते, माती थोडी. म्हणून जमिनीतल्या तुळशीपेक्षा तिला पाणी लवकर लागते. बुंध्याशी पालापाचोळा पसरावा.

मुलांच्या सुट्टीत नागपूर-अमरावतीला माहेरी निघाला असाल, तर कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. वृंदावनात मातीचे बोळके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरा, झाकण ठेवा. पाणी हळूहळू झिरपत राहील. पण हा उपाय काही दिवसांपुरताच. शेजारणीला किल्ली देताना बोळके भरायची आठवण करा, आणि पुदिन्याची कुंडी तिच्याच मोरीजवळ ठेवून जा.