टायरची डेटलाइन

आईचा फोन आला की मी आधी तिचा टोन ऐकते, शब्द नंतर. परवाचा टोन एकदम सिक्रेट मिशनवाला होता. ‘‘शनिवारी कोल्हापूरला ताईचं डोहाळजेवण, रविवारी तिला घेऊन यायचं. बाबा गाडीनेच जाणार म्हणतायत. त्या टायरचं तेवढं तू बघ. माझं काही ऐकत नाहीत.’’

आता मी आणि टायर! माझं ऑटोमोबाइलचं ज्ञान म्हणजे गाडी निळी आहे आणि एसी मस्त आहे. पण जूनचा पाऊस, खंबाटकी घाट आणि सातव्या महिन्यातली ताई... टेन्शन आलंच.

बाबा गेटपाशी गाडी पुसत होते. २०१२ची स्विफ्ट, म्हणजे आमच्या घरातलं तिसरं अपत्य. ‘‘अगं, ग्रिप बघ की! वर्षाला पाच हजार किलोमीटरपण होत नाहीत. अजून दोन वर्षं आरामात जातील.’’

आणि खरंच, ग्रिप झक्कास होती. टायरच्या खाचांमध्ये तळाशी छोटे उंचवटे असतात, बाजूला ‘टीडब्ल्यूआय’ लिहून किंवा छोटा त्रिकोण काढून त्यांची जागा दाखवलेली असते. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, की ग्रिप उरली फक्त १.६ मिलिमीटर. मग टायरला टाटा! आमचे टायर मात्र त्याच्या बरेच वर. बाबा पास, मी फेल.

पण बॉस, मास कॉमला आम्हाला एक फंडा घोटून घोटून शिकवलाय, बातमी वाचायच्या आधी डेटलाइन बघ. टायरलाही असते! ‘डॉट’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक नंबर, त्यातले शेवटचे चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. मी चिखलात गुडघे टेकून वाचलं, ३०१६. म्हणजे २०१६चा तिसावा आठवडा. जवळपास दहा वर्षं! आणि बाजूला केसाएवढ्या बारीक भेगा. टायर कंपन्याच सांगतात, पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की ग्रिप कितीही शाबूत दिसली तरी बदला.

‘‘पण वापरलेच नाहीत ना!’’ बाबा.

‘‘बाबा, ड्रॉवरमधलं रबरबँड आपण कुठे वापरतो? तरी एक दिवस ताणलं की तुटतंच ना?’’

बाबा गप्प. रबर म्हातारं होतं तसं कडक होतं आणि ओल्या रस्त्याला पकडत नाही. ब्रेक दाबला तरी गाडी पुढे घसरत राहते. हे मी बोलले नाही. लहानपणी पावसाळ्याआधी आमचे शाळेचे बूट उलटे करून, तळव्यांवरून अंगठा फिरवून बघणारा माणूस आहे हा. त्याला काय सांगायचं?

‘‘बरं, पुढचे दोन बदलू,’’ बाबांनी तह मांडला. खरा मुद्दा हा होता. चार टायर म्हणजे वीसेक हजार, आणि पेन्शन ठरलेली. २२ सप्टेंबर २०२५पासून टायरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आलाय, पण तरी वीस हजार ते वीस हजारच. शिवाय दोनच घेतले तरी नवे मागे लावायचे, पुढे नाही! पावसात पुढची चाकं घसरली तर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी सावरता तरी येते. मागची घसरली की गाडी गर्रकन फिरते, मग स्टिअरिंग हातात असून उपयोग नाही. पण आमचे चारही एकाच वयाचे, त्यामुळे तह फिसकटला.

दुकानातला पोरगा जाम स्मार्ट. ‘‘काका, जाड टायर टाका. काय लुक येईल!’’ आता लुकचं म्हणाल तर माझाही जीव पाघळतो. पण होमवर्क करून गेले होते. आमच्या टायरवर लिहिलंय १६५/८० आर १४ ८५ टी. रुंदी १६५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १४ इंची. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलणार, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालणार. (बाबा ८०च्या वर जात नाहीत, तो भाग वेगळा.) जाड टायर दिसतो सही, पण स्टिअरिंग जड होतं आणि पेट्रोलही थोडं जास्त लागतं. कंपनीने दिलेला साइझ काही उगाच दिलेला नसतो.

मी भाव करत होते, तेवढ्यात बाबांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला. एकेका टायरपुढे उकिडवे बसले, अंगठा फिरवत आकडे वाचले आणि तिसऱ्यापाशी थांबले. ‘‘हा दोन वर्षं जुना दिसतोय. ताजा काढा.’’ पोरगा निमूटपणे आत गेला. मी मनात शिट्टी मारली!

अलाइनमेंट, बॅलन्सिंग झालं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरली. बाबा बिल द्यायला निघाले आणि मला आठवलं, स्टेपनी! (हे नाव वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलंय. शंभर वर्षांपूर्वी तिथे जादाची चाकं बनायची.) डिकीतलं सामान उपसलं. स्टेपनीवर आकडा होता १८१२. म्हणजे गाडीइतकीच जुनी. मी तेव्हा नववीत होते! घाटात भर पावसात पंक्चर झालं असतं, तर आमचा भरवसा या चौदा वर्षांच्या रबरावर.

बाबांनी पाकिटात पाहिलं, मग माझ्याकडे. चारांचे मोजून आणले होते त्यांनी. माझा तीन महिने अडकलेला चेक नेमका त्या आठवड्यात वटला होता. त्यातून मी बूट घेणार होते, स्वीड, ब्राऊन, टाचेचे...

‘‘पाचवा माझ्याकडून,’’ मी म्हटलं. बाबा नेहमीप्रमाणे ‘‘कशाला गं’’ म्हणाले, पण एकदाच.

रविवारी ताई आली. साताऱ्यापासून पाऊस धो धो होता म्हणे. तिला काहीच कळलं नाही, ती पूर्ण रस्ताभर झोपली होती. बेस्ट! टायरचं कौतुक याहून वेगळं काय असतं?

तर मंडळी, या वीकेंडला शॉपिंगला जाल तेव्हा पार्किंगमध्ये दोन मिनिटं वाका. घरच्या गाडीची डेटलाइन वाचा. आणि डिकी उघडायला विसरू नका!