संविधानाची चित्रपुस्तके आणि ‘आम्ही’

बालवाचकांना संविधानाची ओळख करून देणाऱ्या चित्रपुस्तकांचे आपल्याकडे स्वागत होते, समीक्षा होत नाही. विषय वंदनीय, हेतू निर्मळ आणि वाचक अजाण असला की संहितेची चिकित्सा अप्रस्तुत ठरवली जाते. प्रस्तुत लेखकाला हे मान्य नाही. या पुस्तकांत रूढ झालेली वाक्यरचनाच संविधानाच्या आशयाला छेद देणारी आहे.

ही वाक्यरचना ‘देणे’ या क्रियापदाभोवती फिरते. संविधान हक्क देते, थोर पुरुष संविधान देतात. मूल मात्र सदैव चतुर्थी विभक्तीत, घेणारे. चित्रेही याच व्याकरणाची : उंचावर तेजोवलयातला ग्रंथ, खाली हात जोडलेली मुले. वास्तविक उद्देशिकेचे वाक्य ‘आम्ही’ या कर्त्यापासून सुरू होते आणि त्यात अर्पण करणारा व स्वीकारणारा एकच असतो. मराठीत तर ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत भेद आहे. इंग्रजी ‘वी’ला तो ठाऊक नाही. ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते. २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून महाराष्ट्रातील शाळांनी परिपाठात उद्देशिका वाचावी, असा शासनाचा निर्णय झाला. अख्खी शाळा जेव्हा एका सुरात ‘आम्ही’ म्हणते, तेव्हा वगळायला श्रोता उरतच नाही. सारेच वक्ते असतात. वर्गात परतून चित्रपुस्तक उघडले की हाच वक्ता ‘तुला’ या शब्दाने पुन्हा श्रोता केला जातो.

बाबासाहेबांच्या नावाने हे घडावे, यासारखा विपर्यास नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात त्यांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्या विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत, हेही बजावले होते. चित्रपुस्तकांनी विभूती ठेवली आणि विसंगती गाळली.

यावर ठरलेला आक्षेप असा की, लहान मुलांना संघर्ष समजत नाही, त्यांना सोपे करून सांगावे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी मुलांचा खेळ पाहिलेला दिसत नाही. नियम कोणी केला, तो सर्वांना सारखा आहे की नाही, यावर सात वर्षांची मुले हमरीतुमरीवर येतात आणि नियम बदलूनही घेतात. ‘राज्य कोणावर?’ हा त्यांचाच शब्दप्रयोग. तेथे राज्य म्हणजे पाळीपाळीने प्रत्येकावर येणारा भार. इतकी राजकीय भाषा ज्यांच्या तोंडी आहे, त्यांना अजाण कसे म्हणावे?

सोपे आणि सत्य यांत विरोध नाही, हे दाखवायला नगर जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव होता. वस्तुतः सार्वजनिक उपासनास्थळी कोणत्याही वर्गातील हिंदूला अडवू नये, असा कायदा राज्यात १९५६ पासून होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक स्त्री चौथऱ्यावर चढली, तर त्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. २६ जानेवारी २०१६ रोजी, ऐन प्रजासत्ताक दिनी, शिंगणापूरकडे निघालेल्या स्त्रियांना पोलिसांनी पारनेर तालुक्यातील सुपे येथे रोखले. विद्या बाळ आणि सहकारी न्यायालयात गेल्या, उच्च न्यायालयाने स्त्रियांचा प्रवेशाचा हक्क मान्य केला आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा खुला झाला. लिहिलेला हक्क आणि वापरता आलेला हक्क यांत साठ वर्षांचे अंतर पडले. पायरी, अडवलेला रस्ता, न्यायालय आणि पुन्हा तीच पायरी, ही चार पाने कोणत्या मुलाला कळणार नाहीत? येथे हक्क कोणी ‘दिला’, हा प्रश्न मूल स्वतःच विचारील.

राहिला चित्राचा प्रश्न. संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत स्वतःच सचित्र ग्रंथ आहे. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या हस्ताक्षरातील ही पाने नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनातील सहकाऱ्यांनी सजवली. मूलभूत हक्कांच्या भागाच्या शिरोभागी राम, सीता, लक्ष्मण आहेत. निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग. ही चित्रे कलमांचा अनुवाद करीत नाहीत. लोकनियुक्त सत्तेच्या नियमांवर राजा का, या प्रश्नाचे उत्तर ती देत नाहीत. शब्द आणि चित्र यांतले अंतर वाचकावर सोपवतात. या निवडीशी मतभेद असू शकतो, आणि तो मुलांनीही व्यक्त करावा. आजच्या चित्रपुस्तकात मात्र ‘समता’ या शब्दाशेजारी हातात हात घेतलेली, नाना वेशांतली मुले असतात. मतभेदाला जागाच नाही.

बालसाहित्याच्या समीक्षकाने ‘भाषा सुबोध, चित्रे आकर्षक’ एवढ्यावर लेखणी थांबवू नये. अशा पुस्तकातील प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण, आणि चित्रात कोणाला कोठे उभे केले आहे, हे त्याने तपासले पाहिजे. पदव्युत्तर वर्गांत कादंबरीच्या निवेदकाला आपण हेच प्रश्न विचारतो. बत्तीस पानांच्या पुस्तकाला त्यातून सूट मिळण्याचे कोणतेही वाङ्मयीन कारण मला दिसत नाही.