विजयदुर्ग : मान मिळाला, निगेचे काय?

युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना वारसा यादीत स्थान दिले. वाघोटन खाडीच्या मुखावरील विजयदुर्ग हा त्यांपैकी एक. देवगड तालुक्यातील या किल्ल्याकडे पर्यटकांची पावले आता अधिक वळणार, हे उघड आहे. मात्र किल्ल्याच्या वाट्याला त्यातून काय येणार, याचा विचार गर्दी वाढण्यापूर्वीच व्हायला हवा.

शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेऊन बळकट केलेला हा किल्ला पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला. इंग्रजांचे आणि १७२४ मध्ये डचांचे हल्ले त्याने परतवले. हे बळ केवळ तिहेरी तटबंदीचे नव्हते. खाडीच्या आत गिर्ये येथे खडक खोदून केलेली गोदी, सुरक्षित बंदर आणि दर्यावर्दी वस्ती यांचाही त्यात वाटा होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी हल्ला केला, तेव्हा बंदरातील आरमार जळाले आणि पाठोपाठ किल्लाही गेला.

आजचा पर्यटक तट पाहून परततो. गोदीपर्यंत फार थोडे जातात. युनेस्कोने मात्र मान दिला आहे तो 'लष्करी भूदृश्यां'ना, म्हणजे किल्ला आणि त्याचा परिसर यांच्या नात्याला. जतनाचा आराखडाही त्याच व्याप्तीचा असला पाहिजे.

पहिला प्रश्न तटाच्या पायाचा. ऑगस्ट २०२० मध्ये तटबंदीचा काही भाग ढासळला. लाटांचा मारा, सांध्यांत मुरणारे पाणी आणि दगड फोडणारी झाडांची मुळे यांना वारसा यादी थोपवू शकत नाही. त्यासाठी दर पावसाळ्यापूर्वी पाहणी आणि वेळेवर डागडुजी हवी.

दुसरा प्रश्न गावाचा. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, तर त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीने करता येते. किल्ल्याला लागूनच वसलेल्या विजयदुर्ग गावाला हे निर्बंध रोज जाचणार. घरदुरुस्तीची परवानगी सुलभ झाली आणि पर्यटनाचे उत्पन्न गावात राहिले, तरच ग्रामस्थ जतनाचे भागीदार होतील.

वाहनतळ आणि रोषणाई लवकर दिसते, पायातील दुरुस्ती दिसत नाही. निधी आधी कशावर खर्च होतो, यावरच या बहुमानाचे मोल ठरेल.